आवरलेलं गॅरेज

१

"त्या अडगळीतच मरा एकदाचे!" असं बायको सकाळी म्हणाली आणि दुपारी नवरा त्या अडगळीतच मेला.

असं कुठल्या घरात कोणी म्हणत नाही? माझ्या आईने माझ्या वडिलांना तोंडाने रोज एकदा तरी मारलं असेल आणि ते म्हातारे होऊन अंथरुणात सुखाने गेले. इथे मात्र बोलणं आणि मरणं एकाच दिवसात येऊन बसलं आणि त्या दोहोंच्या मधे एक म्हातारी बाई चेंगरली.

मी पोहोचले तेव्हा गॅरेजचं शटर वर होतं आणि माणूस बाहेर अंगणात चादरीखाली होता. गल्ली त्यांना फिटरकाका म्हणायची. कारखान्यात जन्मभर फिटर, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या गॅरेजात लोकांचे पंप, मिक्सर, शिवणयंत्रं दुरुस्त करत बसलेले. गाडी त्या गॅरेजात कधी शिरलीच नाही. गाडी बाहेर उन्हात, मोडकी यंत्रं आत सावलीत, हे त्या घरातलं जुनं भांडण.

माझ्या हवालदाराने तोवर प्रकरण मिटवूनही टाकलं होतं. "आत्महत्या आहे, बाई. हे बघा, हे पाण्याच्या पंपाचं पेट्रोल इंजिन. याचा धूर विषारी. तो बाहेर न्यायला पत्र्याची लवचीक नळी आहे. तिचं एक टोक इंजिनावर चढवायचं, दुसरं त्या भिंतीतल्या भोकात घालायचं. म्हाताऱ्याने नळी भिंतीला टांगून ठेवली, शटर खाली ओढलं आणि इंजिन सुरू केलं. सकाळी बायकोशी वाजलेलं. आणखी काय पाहिजे?"

"तू जरा गप्प बसलेला पाहिजे," मी म्हणाले.

तेवढ्यात म्हातारीने येऊन माझी बाही धरली. रडत नव्हती. रडून झालं होतं की अजून सुरूच व्हायचं होतं, ते कळेना.

"बाई, मी बोलले म्हणून गेले का हे?"

मला या नोकरीत नाही नाही ते प्रश्न लोकांनी विचारलेत. सोनं कुठे गेलं, पोरगी कुणाबरोबर गेली, साहेब किती घेतील. त्यांना उत्तरं देता येतात, निदान टाळता तरी येतात. हा प्रश्न टाळता येईना. "पाहते," एवढंच म्हणाले आणि बाही सोडवून आत गेले.

आत पसारा म्हणजे पसारा होता. त्यात एकच वस्तू नीटनेटकी होती, ती म्हणजे भिंतीवर टांगलेली ती नळी.

२

पसाऱ्याची मला भीती नाही. माझं टेबल पाहिलेला माणूस माझ्याकडे तक्रार लिहून द्यायला धजत नाही, ती पुन्हा सापडेल याची त्याला खात्री वाटत नाही. पण इथला पसारा वेगळा होता. त्याच्या मागे एक नवं कोरं, आवरलेलं गॅरेज उभं होतं.

एका भिंतीला पोलादी कपाटं ठोकलेली. उघडून पाहिली तर रिकामी. समोरच्या भिंतीवर पांढरा रंग दिलेला मोठा फळा, त्यावर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीखाली काळ्या रंगात त्या त्या हत्याराची आकृती. हातोड्याची, करवतीची, पान्यांची, पकडींची. सगळ्या आकृत्या रिकाम्या, गैरहजर पोरांच्या वर्गासारख्या. खरे हातोडे खाली बिस्किटांच्या डब्यात होते. पाने खाटेखाली, करवत दारामागे. फक्त नळी तेवढी फळ्यावर.

"ते कपाटांचं प्रकरण मुलांचं," म्हातारीने स्वयंपाकघरात बसून सांगितलं. "आम्ही दोघं लग्नाला बाहेरगावी गेलो होतो. तेवढ्यात मुलीने आणि मुलाने मिळून गॅरेज आवरलं. बाबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणे. धक्काच बसला. हे आले, पाहिलं, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून एकेक वस्तू उचलून जुन्या जागी. आठवडाभर तेच. आणि पोरांशी अबोला. मुलगी रोज यायची, हे भिंतीकडे तोंड करून बसायचे."

"आणि आज?"

"आज सगळं जुन्या जागी लागलं. मग म्हणाले, आता कामाला लागतो. माझं डोकं फिरलं. मुलांनी एवढं मरमर मरून केलं, त्याचं हे चीज? म्हटलं..." ती थांबली. पुढचं मला माहीत होतं. बोलून ती बहिणीकडे निघून गेली होती.

"नळी कुठे ठेवायचे ते?"

"त्या जुन्या टायरात. वेटोळं करून. कितीदा ठेचकाळलेय मी त्याला."

"धुराचा वास आला नसेल त्यांना?"

"यांना? दूध करपून कोळसा झालं तरी कळायचं नाही. कारखान्याने नाक कधीच नेलं. म्हणून तर नळी लावल्याशिवाय इंजिनाला हात लावायचे नाहीत. तेवढं एक मात्र पाळायचे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आज मुद्दाम नाही लावली ना, बाई?"

मी उठून बाहेर आले.

मुलगी ओसरीवर भेटली. मोठ्या दवाखान्याचं औषधांचं आणि सामानाचं भांडार सांभाळते. भेटायला आलेल्या लोकांच्या चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या, त्या ती वाकून जोडीजोडीने लावत होती. माणसाचं दुःख हातातून कुठल्याही वाटेने बाहेर पडतं, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

"जेवणाच्या सुट्टीत आले होते, मॅडम. म्हटलं, आज बाबांचा अबोला मोडायचाच. स्वयंपाकघरातून आत गेले तर ते पडलेले. इंजिन बंद केलं, शटर उघडलं आणि ओरडले. भाऊ वरून धावत आला."

"नळी?"

"भिंतीलाच होती."

मी परत गॅरेजात गेले. ज्या माणसाने आठवडाभर हट्टाने त्या फळ्यावर एक खिळाही ठेवला नाही, तो शेवटच्या दिवशी नळी तिथे कशाला टांगेल?

"मरताना माणूस बदलतो, बाई," हवालदार म्हणाला.

"माणूस बदलत असेल. फिटर बदलत नाही." मी रुमालाने धरून नळी खुंटीवरून उतरवली. तिच्या तोंडाखाली, पांढऱ्या रंगावर, अर्ध्या बांगडीएवढा तपकिरी डाग होता. नखाने खरवडला तर रंगाचा पापुद्रा निघाला. रंग भाजला होता.

३

रंग भाजला, म्हणजे नळी टांगली तेव्हा तिचं तोंड तापलेलं होतं. मरायला निघालेल्या माणसाने नळी आधी टांगून मग इंजिन सुरू केलं असतं, तर ती थंडगार असती.

डाग आधीचाही असू शकत होता. म्हणून मी शेजारी गेले.

शेजारी गाण्याचे मास्तर राहतात. गॅरेज आणि त्यांचं घर यांच्यामधे एक चिंचोळा बोळ, आणि भिंतीतलं ते भोक नेमकं त्यांच्या शिकवणीच्या खोलीच्या खिडकीसमोर. मास्तर आणि फिटरकाका एकमेकांना पाण्यात पाहायचे हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. आवाजावरून भांडण होऊन इंजिन लावताना शटर खाली घ्यायचं असं ठरलं होतं. धुरावरचं भांडण मात्र चालूच होतं.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," मास्तर म्हणाले, आणि पुढे बराच वेळ वाईटच बोलले. मी बोलू दिलं.

"या आठवड्यात इंजिन किती वेळा लागलं?"

"नाहीच. नुसती आदळआपट. सामान इकडून तिकडे. इंजिन आजच पहिल्यांदा लागलं. मी गाणं थांबवलं, सवयीने उठून खिडकी लावून घेतली आणि वासाची वाट पाहत बसलो."

"वाट?"

"खिडकी लावली तरी फटींतून येतोच हो. आज आला नाही. म्हटलं, म्हाताऱ्याला सुबुद्धी झाली."

हवालदाराने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. नळी भोकात नव्हतीच, म्हणून वास आला नाही, झाली की नाही आत्महत्या? मला मात्र दुसरंच काही सुचत होतं. आवाज होता आणि वास नव्हता, याला आणखी एक कारण असू शकतं. ते कारण शोधायला मी बोळात गेले.

भोक मोकळं होतं. अगदी स्वच्छ मोकळं. पण आतल्या कडेला काहीतरी पिवळसर चिकटून राहिलं होतं, आणि खाली पाचोळ्यात त्याचेच तुकडे पडले होते. फटी बुजवायला डब्यातून मारतात तो फोम, मारल्यावर फुगून दगडासारखा घट्ट होणारा. एक तुकडा मी उलटा केला. त्याची एक बाजू काजळीने काळी झाली होती.

भोक बुजवलेलं होतं. बाहेरून. फिटरकाकांनी रोजच्यासारखी नळी चढवली, भोकात घातली, शटर ओढलं आणि कामाला बसले. धूर भिंतीपर्यंत गेला, अडला आणि नळीच्या कडेने परत आत आला. नाक नसलेल्या माणसाच्या मागे येऊन उभा राहिला.

आता धुराचा वास कुणाला नको होता? मी मास्तरांच्या खिडकीकडे पाहिलं. ते खिडकीतून माझ्याकडेच पाहत होते, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई, तो फोम मी नाही मारला," न विचारताच ते म्हणाले. "तक्रारी केल्या, शिव्या दिल्या. पण हे नाही. आणि... एक सांगायचं राहिलं. इंजिन बंद झाल्यावर या बोळात कोणीतरी खरवडत होतं. खिडकी लावलेली, दिसलं नाही. म्हटलं काकाच असतील."

"आरडाओरडा कधी झाला? त्या आधी?"

"नंतर," मास्तर म्हणाले. "बऱ्याच वेळाने."

४

म्हणजे कोणीतरी आधी आत जाऊन इंजिन बंद केलं, तापलेली नळी काढून टांगली, बाहेर येऊन भोक कोरून मोकळं केलं आणि एवढं सगळं आवरल्यावर मग बोंब ठोकली. शटर आतून खाली होतं. आत जायची दुसरी वाट फक्त स्वयंपाकघरातून. मास्तर सुटले. घरात उरली भावंडं.

मुलगा वरच्या खोलीत होता. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो. त्या खोलीत पाय ठेवायला जागा शोधावी लागली. कपडे, वायरी, कालची ताटली, परवाची ताटली. बापाचा पसारा काढायला निघालेला मुलगा बापाच्याच वळणावर गेला होता.

"गॅरेज मला हवं होतं, हे कबूल," तो म्हणाला. "गाडी ठेवायला. त्यावरून बाबांशी खटके उडायचे. पण आवरायची कल्पना ताईची. मी नुसता हमाल. फळा मी रंगवला. एकेक हत्यार फळ्यावर धरायचं आणि भोवती ब्रश फिरवायचा."

"तेव्हा कुठे होतास?"

"इथेच. कानात हेडफोन. ताईची किंकाळी ऐकली आणि खाली पळालो."

नळी उतरवण्याआधी मोबाइलवर काढलेला फोटो मी त्याच्यापुढे धरला, फळा आणि त्यावर टांगलेली नळी. "ही आकृती तूच काढलीस?"

"हो. पण नळी उलटी टांगलीय. मी काढली तेव्हा तोंडं वर होती, ही बघा आकृती, वरच्या बाजूला दोन टोकं. आता दोन्ही तोंडं खाली. असं कोण..."

तो थांबला.  मी फोटो त्याच्याच हातात राहू दिला. त्याचा चेहरा उतरत गेला. तो खाटेवर कपड्यांच्या ढिगावरच बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "ती नळी मी टांगली."

"अस्सं. आणि भोक?"

"तेही मीच बुजवलं. मीच उघडलं. सगळं मीच केलं. ताईचा काही संबंध नाही."

ताईचं नाव मी काढलंही नव्हतं.

"तापलेली नळी कशाने धरलीस?"

"हाताने."

"दाखव हात."

त्याने दोन्ही हात पुढे केले आणि खाली मान घालून रडायला लागला. तळहात साफ होते. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. बापासाठी तो इतका वेळ रडला नव्हता, ते रडूही त्यातच वाहून गेलं.

"आईला सांगू नका," तो म्हणाला. "तिला एकच प्रश्न पडलाय. पण त्याचं उत्तर असं निघालं तर ती वाचायची नाही."

५

दवाखान्याचं भांडार तळघरात होतं. काही दिवसांनी मुलगी कामावर परतली, तेव्हा मी मुद्दाम न कळवता गेले.

कुणी काहीही म्हणो, बाईचं काम पाहण्यासारखं होतं. मांडणीवर मांडणी, खोक्यांची तोंडं एका रेषेत, प्रत्येक कप्प्याला पट्टी. एका भिंतीवर रबरी आणि प्लास्टिकच्या नळ्या खुंट्यांवर टांगलेल्या, लांबीप्रमाणे. सगळ्या नळ्यांची दोन्ही तोंडं खाली.

"अशा का टांगता?" मी विचारलं.

"तोंड वर राहिलं की आत धूळ बसते," ती सहज म्हणाली. "नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवते." आणि मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळलं.

ती खुर्चीवर बसली. टेबलावरचं पेन तिने कडेला समांतर केलं.

"त्या भोकातून उंदीर यायचे," ती म्हणाली. "नव्या कपाटांत घाण केली असती. म्हणून फोम मारला. बाहेरून मारला, आतून भिंत खराब दिसली असती. बाबा आले की सांगायचं होतं. पण ते बोलायलाच तयार नव्हते. मी समोर आले की तोंड फिरवायचे. मलाही राग आला होता हो. रात्रंदिवस खपून केलेलं सगळं ते रोज थोडं थोडं विस्कटत होते आणि मी बघत होते. त्या रागात भोक डोक्यातून गेलं. आईला सांगितलं असतं तरी चाललं असतं. विसरले, मॅडम. चक्क विसरले."

"आणि त्या दिवशी?"

"दार उघडलं. नळी भोकात दिसली आणि क्षणात सगळं आठवलं." तिने समोरचे कागद जुळवले. "नळी तशीच राहिली असती तर कोणीही भोक पाहिलं असतं. बाबांचे जाड हातमोजे बाकावर होते, ते घालून काढली."

"काढलीत ते कळलं. पण फळ्यावर का टांगलीत? टायरात टाकली असती तर मला काही दिसलं नसतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. खरंच विचार करत होती.

"टांगली का मी? हातात होती. ठेवायची होती. जागेवर ठेवली असेल."

तिची जागा, बापाची नव्हे. गॅरेज आपण लावलं तसंच आहे असं तिच्या हातांना अजूनही वाटत होतं. आणि सवयीपुढे भावाने काढलेली आकृतीसुद्धा तिला दिसली नव्हती.

"तुम्ही दवाखान्यात काम करता," मी म्हणाले. "नाडी पाहिलीत?"

"गेलेच होते ते."

"मी विचारलं, पाहिलीत का?"

तिने नजर भिंतीवरच्या नळ्यांकडे वळवली. डॉक्टरांना मी विचारलं होतं, लगेच मोकळ्या हवेत आणलं असतं तर? ते म्हणाले होते, आता कोणालाच सांगता येणार नाही. ते मी तिला सांगितलं. मला कठोर व्हायचं नव्हतं, पण तिने शटर खाली ठेवून आधी भोक कोरलं होतं, आणि हे कुणीतरी तिला मोठ्याने म्हणायला हवं होतं.

"चूक झाली, ती कुणाच्याही हातून झाली असती," मी म्हणाले. "पण त्यानंतरचे हे सगळे दिवस? तुमची आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारतेय. तुमच्यासमोर विचारतेय."

"माहीत आहे."

"मग?"

"मला वाटलं, आईला सगळे सांभाळून घेतील." तिने डोळे पुसले नाहीत. "ती रागात बोलली, तिचा काय दोष, असं म्हणतील. मला कोणी असं म्हणणार नाही."

एवढा हिशोब तिने त्या गॅरेजातच केला होता की नंतर, हे मी विचारलं नाही.

"चला," मी म्हणाले. "तिला तुम्ही सांगायचं आहे. मी सांगणार नाही."

६

म्हातारी माजघरात सतरंजीवर बसली होती. मुलगा दाराला टेकून उभा. मी हवालदाराला बाहेर ठेवलं.

मुलीने सांगितलं. उभ्यानेच, खाली बघत, भांडारातल्या मालाची मोजदाद द्यावी तसं क्रमाने. फोम, अबोला, विसरणं, दार, नळी, बोळ, किंकाळी. मधे एकदा मुलगा "ताई, बस कर" म्हणाला. ती थांबली नाही.

सांगून झाल्यावर म्हातारीने मुलीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे हे मरायला नव्हते गेले?"

"नाही, मावशी. पंप दुरुस्त करायला गेले होते. नळी लावून, रोजच्यासारखे."

"माझ्या बोलण्याने नाही?"

"नाही. तुमचं बोलणं त्यांनी नेहमीसारखं कानाआड केलं आणि कामाला बसले."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पहिल्यांदा रडली. मोकळी, हुंदके देऊन. मधेच हसल्यासारखा आवाज आला. "ऐकायचेच नाहीत कधी माझं," ती म्हणाली, "कधी म्हणून ऐकलं नाही." मला वाटलं, निदान या घरातल्या एका माणसाचं तरी मी भलं केलं. ते समाधान मला फार वेळ मिळालं नाही.

रडणं हळूहळू ओसरलं. पदराने तोंड पुसून ती स्वस्थ बसली, आणि मुलीने सांगितलेलं बाकीचं सगळं एकेक करून तिच्यापर्यंत पोहोचत गेलेलं मला दिसलं. तिने मान वर केली.

"हाक मारलीस का गं त्यांना?"

मुलीने चमकून वर पाहिलं.

"आत गेलीस, हे पडलेले दिसले. नळी काढायच्या आधी, एकदा तरी बाबा म्हणून हाक मारलीस का?"

मुलीने तोंड उघडलं. माझी खात्री आहे की ती 'हो' म्हणणार होती; एवढं एक खोटं मी तिला बोलू दिलं असतं, त्या म्हातारीसाठी. पण आईच्या डोळ्यांपुढे तिला ते जमलं नाही. तिने मान हलवली. नाही.



"घेऊन जा हिला," म्हातारी मला म्हणाली. मी उठले. तशी तीही गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "थांबा. सकाळपासून उपाशी आहे ती. तेवढं जेवू दे."

ती स्वयंपाकघरात गेली. ताट वाढून आणलं, पाण्याचं भांडं भरून शेजारी ठेवलं, पाट सरळ केला. मुलीच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही. मग आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं, आणि कडी घातल्याचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला.

मुलगी पाटावर बसली. मी दाराशी उभी राहून तिचं जेवण होण्याची वाट पाहिली.